इब्लिसला कोणी फूस लावली?

वाडगा रिकामा आला होता. चांगला घासून, पुसून, पण रिकामा. आणि तोही कोणाच्या हाती नाही, तर दाराबाहेरच्या चपलांच्या रॅकवर, हाशमच्या डाव्या सँडलला टेकवून ठेवलेला. सकाळी कामावर निघताना हाशमने तो बघितला आणि सँडलमध्ये घातलेला पाय तसाच अर्धा बाहेर राहिला. चार वर्षांत असं झालं नव्हतं. बायकोचा, जोहराचा हा स्टीलचा वाडगा जिन्याने वर जायचा आणि जिन्याने खाली यायचा, पण मोकळा कधी आला नव्हता. वर जाताना त्यात सांदणं असायची, कधी जेद्दाहून कोणी आणलेल्या सुकटीची चटणी, या महिन्यात बाळंतिणीसाठी अळिवाची खीर. आणि येताना शेंगदाण्याचं कूट, धपाट्याचा तुकडा, काहीच नसलं तर तळाला चिमूटभर साखर. भांडं मोकळं परत करायचं नाही हे जोहराला म्हसळ्यात तिच्या आईने शिकवलेलं आणि वरच्या निवेदिताला कराडला तिच्या आईने. त्या दोन आयांनी एकमेकींचं तोंड कधी बघितलं नव्हतं, तरी कायदा एकच. हाशमने वाडगा उचलला, उजेडात धरला. साखरेचा दाणा नाही. बोट फिरवून चाटलंसुद्धा. साबण.

आता दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, घरात तान्हं पोर आहे, विसरले असतील, यल्ला, कामावर चल. पण हाशम जन्माचा खोडकर, आणि खोडकर माणसाची पंचाईत अशी की जगात काही आपोआप होतं हे त्याला पटतच नाही. पन्नाशी ओलांडेपर्यंत त्याने स्वतःच्या हाताने इतक्या गोष्टी आपोआप घडवल्या होत्या की आता झाडाचं पान पडलं तरी तो वर बघायचा, फांदीवर कोण बसलंय म्हणून. कंपनीतल्या इजिप्तच्या मिसरी अकाउंटंटची खुर्ची रोज बोटभर खाली करून त्याने त्याला उंची कमी होतेय या काळजीने डॉक्टरकडे पाठवलेलं. निवेदिताचा नवरा विवेक नवीन इंजिनियर म्हणून सौदीत हाइलला आला तेव्हा, कफीलला, म्हणजे व्हिसावाल्या अरबी मालकाला, पहिल्या भेटीत उंटिणीचं दूध द्यायची रीत आहे असं सांगून त्याला बाटलीसकट कफीलच्या दिवाणखान्यात बसवलेला. कफील हसला, दूध प्यायला, आणि विवेक हाशमशी आठवडाभर बोलला नाही. मग बोलला, कारण जाणार कुठे? हाशमला माहीत असलेली मराठी बोलणारी घरं त्या अख्ख्या गावात दोनच. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमधला जिन्न, तोही हाशमचाच. तिथल्या एसीच्या जाळीला त्याने एक रिकामी बाटली बांधून ठेवली होती. वारा सुटला की ती हुंकार द्यायची. गंमत संपली तशी बाटली काढली, पण जिन्न काही गेला नाही. इमारतीचा बंगाली रखवालदार जमालुद्दीन अजून तिथे झाडू मारायला जात नाही, आणि मधे एकदा गंभीर चेहऱ्याने हाशमलाच सांगत होता, "भाई, कल फिर रो रहा था." बाटली नसताना कोण रडत होतं, हे हाशमला आजतागायत कळलेलं नाही.

तर इमारतीत काही बिघडलं, पाणी गेलं, कोणाच्या गाडीचं टायर बसलं, की पहिला शब्द हाशम. यात त्याची एक पद्धत होती. जे केलं त्याला आधी साफ नाही म्हणायचं, आणि जे केलं नाही त्याला गालात हसून मान हलवायची. म्हणजे खरं काय ते कोणाच्या बापाला कळत नाही, आणि न केलेल्या खोडीचं नाव फुकटात पदरात पडतं. जोहरा म्हणायची, "तुमी मेल्यावर पन लोकांना वाटंल, हाशम उगाच डोळे मिटून पडलाय." असल्या माणसाला रिकामा वाडगा नुसता रिकामा कसा वाटेल? तो कोणीतरी रिकामा ठेवला होता. कोणी? आणि का?

पिकअपच्या काचेवर हिव बसलं होतं. ते खरवडून तो शहराबाहेर पडला. जानेवारीत हाइलची थंडी अशी लागते की कोकणातल्या माणसाला आपलं नाक आहे की गेलं हे चाचपून बघावं लागतं. दोन्ही बाजूला गव्हाची गोल गोल शेतं, त्यांच्यावरून हळूहळू फिरणारे पाण्याचे लांब पाइप, आणि मधे स्टिअरिंगवर हाशमचं डोकं, तेही तसंच गोल फिरणारं. वाडगा, पोर, वाडगा, पोर. निवेदिताचा शर्विल डिसेंबरात झाला. सगळं ठीक, हातपाय ठीक, केस भरपूर, फक्त वरचा ओठ डाव्या बाजूला नाकपुडीपर्यंत उघडा. बघायला गेले तेव्हा सगळ्यांनी ओठ सोडून बाकी सगळ्याचं कौतुक केलं, तसं जोहरानेही केलं. "डोळे काय टपोरे हायेत," ती म्हणाली. आणि आता गाडी चालवताना हाशमला ते आठवलं. डोळे टपोरे म्हणाली, पण नजर लागू नये म्हणून कौतुकामागे म्हणतात ते माशाल्ला म्हणाली का? म्हणाली असणार. सवयीने म्हणते. आंब्याची पेटी बघितली तरी म्हणते. पण निवेदिताने ते ऐकलं का? नसलं ऐकलं तर? तर जोहराची नजर लागली. म्हणजे पोर दूध पीत नाही ते जोहरामुळे. म्हणजे खीर टाकून दिली. म्हणजे वाडगा रिकामा. कडीला कडी कशी लागत गेली बघा. हाशमला स्वतःच्या डोक्याचं कौतुकही वाटलं आणि किळसही आली.

कारण खरं तर डॉक्टरने पहिल्याच दिवशी विषय मिटवला होता. सीरियन डॉक्टर, थकलेला, दोन्ही हात उघडे करून म्हणाला, कारण नाही. आणि शेजारच्या मल्याळी सिस्टरने त्याचं हिंदी केलं: "दूसरे महीने में पेट के अंदर होंठ जुड़ता है, कभी कभी नहीं जुड़ता. किसी का गलती नहीं. रियाध में ऑपरेशन होगा, एकदम ठीक. पहले वजन बढ़ाओ, बस." सगळ्यांनी माना डोलवल्या, शुक्रन म्हणाले, आणि कॉरिडॉरमध्ये येताच प्रत्येकजण कारण शोधायला लागला. कारण नाही हे कोणाला चालतं? चोरी झाली आणि चोर नाही? विवेकची आई व्हिडिओ कॉलवर होती, कराडहून. नातवाचं तोंड बघितलं आणि तिने आधी तेच विचारलं, "निवेदिता, त्या ग्रहणात काय चिरलंस गं?" विवेक तिथेच बाकावर बसून म्हणाला, मागच्या जन्मीचं काहीतरी असणार, आमचं नाहीतर त्याचं. हाशम म्हणाला, "त्याचं? एवढ्याशा पोराने कधी काय केलं?" तर विवेक म्हणतो, "म्हणून तर मागचा जन्म म्हणतात ना, हाशमभाई." हाशमला ते हिशेबात चोख वाटलं, पण म्हणजे शिक्षा झाली आणि गुन्हा काय ते आरोपीलाच ठाऊक नाही. जोहरा म्हणाली, आजमाइश आहे, अल्लाची ज्याच्यावर माया त्यालाच तो तपासतो. हाशमच्या मनात आलं, मग थोडी कमी माया केली तर? आणि लगेच त्याने गालावर हात मारून तौबा केली. जमालुद्दीनने तर शपथेवर सांगितलं, तिसऱ्या मजल्यावरचा जिन्न. आणि गळ्यात क्रूस घातलेली सिस्टर रात्रीचं काम संपवून निघताना पर्स खांद्याला लावत हाशमला म्हणाली, "हमारे में तो बोलते हैं आदम ने किया, सबको लगा. फिर एक आदमी ने सबका अपने ऊपर ले लिया." हाशमने विचारलं, "उसने कुछ किया था क्या?" "नहीं किया था," सिस्टर म्हणाली, "इसीलिए तो ले सका." हे बोलणं त्याच्या डोक्यात राहिलं, माशाचा काटा हिरडीत राहतो तसं. जीभ सारखी तिथेच.

हाशमला 'कोणी केलं' विचारायची ही खोड लहानपणापासूनची. म्हसळ्याच्या मदरशात मौलवीसाहेबांनी सांगितलं होतं की माणूस आपणहून वाईट नसतो, इब्लिस कानात कुजबुजतो, वसवसा घालतो, मग माणूस करतो. हाशमला ती व्यवस्था फार आवडली. घरी जाऊन त्याने बहिणीच्या वेणीला शेळी बांधली आणि आईला सांगितलं, मी नाही, इब्लिसने. आईने इब्लिसचे फटके हाशमला दिले. मग त्याने दुसऱ्या दिवशी वर्गात हात वर केला आणि विचारलं, "मौलवीसाब, पण इब्लिसला कोणी फूस लावली? त्याच्या आधी तर इब्लिस नव्हता." मौलवीसाहेब वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "त्याचा गर्व." हाशम म्हणाला, "मग गर्व कोणी घातला त्याच्यात?" तेव्हा छडी पडली, पण हलकी, आणि हाशमला त्या वयातही कळलं की ही छडी उत्तर येत नसल्याची आहे. तेव्हापासून इब्लिसबद्दल त्याच्या मनात एक गुपचूप कणव होती. सगळ्या जगाच्या खोड्यांचं खापर ज्याच्यावर, त्याने त्यातल्या सगळ्याच केल्या असतील कशावरून? काही नुसत्याच गालात हसून मान हलवून घेतल्या असतील.

आणि ग्रहण. सप्टेंबरातलं, चंद्राचं. निवेदिताला तेव्हा सहावा महिना चाललेला. विवेकच्या आईने पंचांगातल्या वेळा पाठवल्या, त्या तिकडच्या. निवेदिताने अडीच तास वजा करून इकडच्या काढल्या. शास्त्र पक्कं होतं: ग्रहण लागल्यापासून सुटेपर्यंत बसून राहायचं, कापायचं नाही, चिरायचं नाही, सुईदोऱ्याला हात लावायचा नाही. गंमत म्हणजे जोहराला त्यातला शब्द न् शब्द पाठ. लेक मेहेक पोटात असताना तिच्या आईनेही तिला असंच सरळ झोपवून ठेवलेलं. ती तसबीह, जपाची माळ, घेऊन वर जाऊन बसली सोबतीला. विवेक शेतावर पंप फुटला म्हणून अडकलेला. हाशम मशिदीत, ग्रहणाच्या नमाजाला. नमाज लांबली, इमामाने लांब सूरा घेतल्या, बाहेर आला तर चंद्र लालभडक, जुन्या विटेसारखा. जोहरा दहाच्या सुमारास खाली आली. निवेदिता एकटी बसून राहिली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. अकरा वाजले तशी उठली, आंघोळ केली, भूक लागली होती म्हणून एक सफरचंद कापलं आणि खाल्लं. बस. एवढंच. आता बाळंतपणानंतर ती दिवसभर तेवढंच मोजत बसते: अडीच तास वजा केले ते बरोबर केले का? का दोनच करायला हवे होते? का तीन? ओठ दुसऱ्या महिन्यात जुळतो आणि ग्रहण सहाव्या महिन्यात होतं, हे डॉक्टरने सांगितलं, विवेकने सांगितलं, जोहराने सांगितलं. डोक्याला पटतं. पण हाताला पटत नाही.

अकराच्या सुमारास विवेक कंपनीच्या स्पेअर पार्टच्या खिडकीवर आला, जिथे हाशम बसायचा. दाढी वाढलेली, जॅकेटची चेन अर्धी. हाशमने सलाम नाही, दुआ नाही, सरळ विचारलं, "वाडगा कोणी ठेवला?"

"कुठला वाडगा?"

"स्टीलचा. माझ्या सँडलला टेकवून."

"तो होय. मीच. धुऊन ठेवला. का, काळा राहिला का?"

"मोकळा?"

"मग काय पाणी भरून ठेवू, हाशमभाई?" विवेक वैतागला. "तीन रात्री झोप नाही. पंपाची सील आली का, ते सांगा."

झालं. सकाळपासून रचलेला सगळा मनोरा, नजर, माशाल्ला, टाकून दिलेली खीर, एका पुरुषमाणसाच्या अडाणीपणावर उभा होता. हाशमला हसू यायला हवं होतं. आलं नाही. विवेक खिडकीच्या कट्ट्यावर कोपर टेकून खाली बघत होता.

"सील उद्या येईल. पोर कसं आहे?"

"वजन उतरलंय. डॉक्टर म्हणतो असंच राहिलं तर ऑपरेशन पुढे. ती बाटली वेगळी असते ना, एका हाताने धरायचं, दुसऱ्याने दाबत दाबत पाजायचं. आणि ही..." त्याने जॅकेटची चेन वर ओढली. "ही उजवा हात लावत नाही त्याला. म्हणते, याच हाताने कापलं. हात ओढणीत गुंडाळून बसते. मी घरी असलो की मी पाजतो. नसलो की ते बोंबलत पडतं."

"जोहराला बोलवायचं."

"कोणीच नको तिला. सगळ्यांवर संशय. देवावर, माझ्या आईवर, भाभींवर. सगळ्यात जास्त स्वतःवर." मग विवेकने मान वर केली आणि थोड्या वेगळ्या आवाजात म्हणाला, "एक विचारू? रागवू नका. ग्रहणाच्या दिवशी दुपारी आमच्या घड्याळात सेल घालायला तुम्ही आलेलात."

"तूच सांगितलंस म्हणून."

"हो, मीच. पण तेव्हा... काही केलं नव्हतं ना?"

हाशमला आधी कळलंच नाही. मग कळलं. "पोटुशी बाई घरात असताना मी करेन असं? मला काय अक्कल नाही?"

"तसं नाही हो. तुम्ही म्हणून विचारलं."

तुम्ही म्हणून. हाशम नाही म्हणाला, दोनदा म्हणाला, अल्लाची शपथ घातली. आणि बोलता बोलता त्याला दिसत होतं की जितकं तो नाही म्हणतोय तितकं समोरच्याचं हो होतंय, कारण ही तर त्याचीच पद्धत. आणि आणखी एक दिसलं, ते मात्र त्याला दिवसभर पुरलं. विवेकच्या डोळ्यांत संशय होता, पण संशयाच्या खाली आशा होती. असू दे केलेलं, म्हणत होते ते डोळे. कोणीतरी केलेलं असू दे.

परतीच्या रस्त्यावर तो पाइपांकडे बघत नव्हता. त्याचं सगळं लक्ष हाताला होणाऱ्या हलक्या गुदगुल्यांकडे होतं. खोडी सुचायच्या आधी त्या व्हायच्या, मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत. त्या गुदगुल्या त्याला इतक्या ओळखीच्या होत्या की त्यांना तो पाहुण्यासारखं या म्हणायचा. आज मात्र दारातच उभं केलं. काय सुचतंय? घड्याळ पुढं केलं होतं म्हणून सांगायचं. बरं, मग? मग बाईने बरोबर वजा केलेलं ठरतं. बाई वेळेवर उठली; वेळच खोटी होती. मग सफरचंदावर चाललेला हात तिचा नाही, हाशमचा. डॉक्टर खोटा पडतो, सासू खरी ठरते, ग्रहणाचा धाक आणखी वीस वर्षं पुरेल इतका पक्का होतो. पण बाई सुटते. आणि आपण? आपण जातो. वरचं घर जातं. दोन घरांतलं एक. हाशमने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थोडा वेळ तशीच चालू ठेवली. मराठीत शिवी द्यायला, सुकटीच्या वासावर भांडायला, 'काय हाशमभाई' म्हणायला त्या गावात दुसरं कोण होतं? आणि हे सुचवतंय कोण? ही फूस कोणाची? चांगल्या कामाला इब्लिस फूस लावत नाही म्हणतात. पण हे चांगलं काम आहे कशावरून? खोटं बोलायचंय, तेही ग्रहणाच्या नावाने. हे तर त्याच्या दुकानातलंच सामान. हाशमने आरशात बघितलं. मागच्या सीटवर कोणी नव्हतं. असतं तरी त्याला आश्चर्य वाटलं नसतं.

तिसऱ्या प्रहरची असरची नमाज झाली होती. घरात जाऊन त्याने तो वाडगा घेतला, जोहराला काही न सांगता, आणि जिना चढला. दार वाजवलं. आत पोर बारीक, सुकलेल्या आवाजात रडत होतं. दार साखळीएवढं उघडलं. फटीत निवेदिताचा एक डोळा, आणि ओढणीत गुंडाळलेला हात, भाजल्यासारखा छातीशी धरलेला.

"हे घरी नाहीत, हाशमभाई."

"माहितीय. राहू दे साखळी, दार नका उघडू. तुमच्याशीच बोलायचंय, वहिनी."

"काय?"

"ग्रहणाच्या दिवशी मी सेल घातला ना घड्याळात. तेव्हा ते पुढं केलं होतं. अर्धा तास."

डोळा हलला नाही. आत पोर श्वास घ्यायला थांबलं आणि परत सुरू झालं.

"का?"

याची तयारी त्याने केली नव्हती. इतक्या खोड्या केल्या, पण का हे आईनंतर कोणी विचारलं नव्हतं. "गंमत," तो म्हणाला. "तुम्ही लवकर उठाल, सासूबाई व्हिडिओवर ओरडतील. तेवढीच मजा."

"पण घड्याळ तर बरोबर आहे."

"दुसऱ्या दिवशी कोथिंबीर द्यायला आलो होतो. तेव्हा मागं केलं. मी परत नीट करतोच नेहमी, तुम्हाला ठाऊक आहे."

तिने मान वळवून भिंतीकडे बघितलं. हाशमला तिचा गाल दिसत होता आणि ओठ, पुटपुटणारे. ती हिशेब करत होती. "म्हणजे मी उठले तेव्हा..."

"साडेदहा."

"सुटलं नव्हतं."

"नव्हतं."

"म्हणजे अडीच तास..."

"बरोबर वजा केले होते तुम्ही. एकदम बरोबर."

साखळी खडखडली. दार उघडलं, आणि ओढणीतून हात बाहेर आला तो सरळ हाशमच्या कानाखाली. वाडगा सुटला आणि पायरीपायरीवर ठणठणत खाली गेला. "माणूस आहात का तुम्ही?" ती ओरडली. "भाऊ मानलं होतं. ताटाला ताट लावून जेवलो. सैतान आहात, सैतान!" हा शब्द त्याने शंभरदा ऐकला होता, हसत म्हटलेला, लाडाने म्हटलेला. असा कधी नाही. त्याला गालात हसायचंही सुचलं नाही. त्याचं लक्ष दुसरीकडे होतं. तिचा उजवा हात मोकळा होता, तळवा लाल झाला होता, आणि तिला ते अजून कळलं नव्हतं. मग पोर जोरात किंचाळलं, ती वळली, वाकली, आणि दोन्ही हातांनी तिने त्याला उचललं. दार पायाने ढकलून बंद केलं. हाशम तिथेच पायरीवर बसला. आतून आवाज येत होता, फोनवर सासूशी बोलणारा, रडका पण ताठ: "आई, मी नव्हतं केलं. ऐकताय का? मी नव्हतं केलं काही." बऱ्याच वेळाने तोही थांबला, आणि बंद दारातून फक्त एक चुबुक चुबुक, मधेच हवा, परत चुबुक असं ऐकू येत राहिलं.

खाली जोहरा वाडगा घेऊन उभी होती. एका बाजूला पोचा आलेला. तिने सगळं ऐकलं होतं. सगळं म्हणजे सगळं.

"खरंच केलंत?"

"नाय गं. खोटं सांगितलं. पोराला पाजेल म्हणून."

जोहराने त्याच्याकडे बघितलं, आणि हाशमला पहिल्यांदाच स्वतःच्या बायकोच्या डोळ्यांची भीती वाटली. त्यांत राग नव्हता. ती त्याला तपासत होती, बाजारात मासा उलटून बघतात तशी.

"सेल तुमी घातलात."

"घातला. मोबाईल बघून वेळ लावली."

"आजवर जे जे केलंत त्याला आधी नायच म्हनालात. मग मना कसं कळायचं?"

काय सांगणार? शपथ? शपथा त्याने उंटिणीच्या दुधालाही घातल्या होत्या. "शर्विलच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो," तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच कळलं की ते डोकं आता त्याच्या हाताला लागणार नाही. जोहराने वाडगा वरच्या फळीवर, पाहुण्यांच्या भांड्यांमागे ठेवला. त्या संध्याकाळी आणि पुढच्या कितीतरी संध्याकाळी हाशम ती दुपार परत परत आठवत राहिला. भिंतीवरून घड्याळ काढलं. मागचं झाकण उघडलं. सेल घातला. मोबाईल डाव्या हातात, उजव्या हाताने मागची चकती फिरवली. इथपर्यंत स्वच्छ. मग गुदगुल्या झाल्या होत्या. हे खरं, त्या झाल्या होत्या, मनगटापासून बोटांपर्यंत. निवेदिता आत चहा टाकत होती. आणि त्याने मनाला सांगितलं होतं, नको, बाई पोटुशी आहे. सांगितलं होतं ना? की सांगितलं ते आत्ता, मागाहून? चकती फिरवली आणि परत फिरवली, की नुसतीच फिरवली? कोणीतरी कानाशी कुजबुजत होतं, केलंस, केलंस. आणि तो आवाज मदरशात सांगितल्यासारखा परका नव्हता. हुबेहूब त्याचाच होता, म्हसळ्याच्या हेलासकट.

पंपाची सील दोनदा उद्यावर गेली आणि शेवटी आली तेव्हा विवेक खिडकीवर आला. दाढी केलेली. हाशमने रजिस्टर बंद केलं आणि "ये रे" म्हणायला तोंड उघडलं.

"हाशम भाई," विवेक म्हणाला, "वो पंप का सील आया क्या?"

हिंदीत. जसा तो पठाण ड्रायव्हरशी बोलायचा, मल्याळी फोरमनशी बोलायचा. नीट, नम्र. हाशमने बंद केलेलं रजिस्टर परत उघडलं.

"आया है," तो म्हणाला. "देता है."

विवेक थांबला. सही केली. पेन परत ठेवलं, सीलची वाट बघत दोन पावलं बाजूला झाला, आणि पाठमोराच म्हणाला, "वजन बढ़ रहा है. तारीख मिल गई रियाध की."

"कितीने?" असं हाशमच्या जिभेवर आलं, अगदी ओठांपर्यंत आलं. तिथून त्याने ते परत आत घेतलं. "मबरूक," त्याने अरबीत अभिनंदन केलं, म्हणजे दोघांपैकी कोणाचंच घर उघडायला नको. आणि कट्ट्यावर समोरच पडलेली सील रिंग तो पाठ करून मागच्या फळ्यांवर बराच वेळ शोधत राहिला.